वेब सेवा प्रतिसादांचे दोषशोधन (रिच इंटरनेट ॲप्लिकेशन)

ब्राउझरमध्ये प्लगिनच्या (ब्राउझरला जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमच्या) आधारे चालणाऱ्या ॲप्लिकेशनने वेब सेवेकडे केलेल्या विनंतीचे उत्तर अपेक्षेप्रमाणे का आले नाही, ते मुळात आले का, आणि आले असल्यास कोणत्या टप्प्यावर बदलले किंवा गळाले, हे शोधण्याची पद्धत. प्रोग्रॅमर मंडळी तिला सरसकट डीबगिंग म्हणतात. साध्या संकेतस्थळात सर्व्हरचे उत्तर म्हणजेच पान असते. ते बिघडले की बिघाड पडद्यावर दिसतो. रिच इंटरनेट ॲप्लिकेशनमध्ये (पुढे ‘आरआयए’) उत्तर आधी ब्राउझरच्या, मग प्लगिनच्या आणि शेवटी लायब्ररीच्या हातून जाते. प्रोग्रॅमरसमोर येणारी त्रुटी बहुधा यांपैकी एखाद्या मध्यस्थाने कळवलेली असते, सेवेने नव्हे. हे ध्यानात न आल्यामुळे सर्व्हरची आणि क्लायंटची टीम एकमेकांकडे बोट दाखवत राहते. प्रस्तुत नोंदीत ॲडोबी फ्लेक्सचा, म्हणजे फ्लॅश प्लेयर या प्लगिनमध्ये चालणारी ॲप्लिकेशन रचण्याच्या साधनाचा, विचार मुख्यतः केला असून सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या प्लगिनचा उल्लेख तुलनेपुरता आहे.

उगम व कालनिश्चिती : आरआयए ही संज्ञा मॅक्रोमीडिया कंपनीच्या मार्च २००२ मधील एका श्वेतपत्रिकेतून रूढ झाली, हे सामान्यतः मान्य आहे. कल्पनेचा आरंभ कोठे धरावा, याविषयी मात्र मते वेगळी आहेत. काही लेखक तो १९९५ च्या जावा ॲपलेटपर्यंत मागे नेतात. काही जण मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत आलेल्या एक्सएमएलएचटीटीपी घटकाला अग्रमान देतात. पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची सोय त्याने दिली आणि २००५ मध्ये तिलाच एजॅक्स हे नाव मिळाले. फॉरेस्टर रिसर्चने २००० च्या सुमारास मांडलेली ‘एक्स इंटरनेट’ ही कल्पनाही पूर्वसूरींत गणली जाते. दोषशोधनाच्या दृष्टीने संकुचित व्याख्या, म्हणजे फ्लॅश एमएक्स आणि त्यानंतरचे प्लगिन, अधिक उपयोगी ठरते. कारण खाली वर्णिलेली मुख्य अडचण एजॅक्सला नव्हती. एक्सएमएलएचटीटीपीला स्थिती-क्रमांक (विनंतीचे काय झाले ते सांगणारा आकडा; २०० म्हणजे यश, ५०० म्हणजे सर्व्हरवरील चूक) आणि मजकूर दोन्ही मिळत.

फ्लेक्सची पहिली आवृत्ती मार्च २००४ ची. मॅक्रोमीडियाचे ॲडोबीत विलीनीकरण डिसेंबर २००५ मध्ये पूर्ण झाले आणि फ्लेक्स २ जून २००६ मध्ये आले. फ्लॅशच्या एएमएफ या द्विमान स्वरूपाचा आरंभ काही संदर्भांत २००१ असा दिलेला आढळतो. परंतु ते ज्या फ्लॅश प्लेयर ६ सोबत आले तो २००२ चा असल्याने २००२ हेच वर्ष ग्राह्य वाटते.

हरवलेला फॉल्ट : या विषयातील सर्वांत चर्चिलेला प्रश्न सोप (वेब सेवेशी एक्सएमएल संदेशांची देवाणघेवाण करण्याचा संकेत) आणि एचटीटीपी (ते संदेश वाहून नेणारा वेबचा संकेत) यांच्या सांध्यावरचा आहे. मे २००० मधील सोप १.१ च्या टिपणानुसार विनंतीवर प्रक्रिया करताना चूक झाल्यास सर्व्हरने ५०० हाच स्थिती-क्रमांक पाठवायचा आणि त्याच प्रतिसादात फॉल्ट हा घटक द्यायचा. काय चुकले, कोणाकडून चुकले, तपशील काय, हे सारे त्या घटकात असते. सर्व्हर नियमाप्रमाणे वागतो, फॉल्ट तारेवरून ग्राहकाच्या यंत्रापर्यंत येतोही; पण ब्राउझरमधील फ्लॅश प्लेयर ५०० पाहताच आतला मजकूर ॲप्लिकेशनला देत नाही. फ्लेक्सच्या फॉल्ट इव्हेंटमध्ये ‘सर्व्हर एरर रिक्वेस्ट’ हा कोड, ‘एचटीटीपी रिक्वेस्ट एरर’ हे वाक्य आणि तपशिलात त्रुटी क्रमांक २०३२, ‘स्ट्रीम एरर’, एवढेच उरते. ‘खाते क्रमांक अस्तित्वात नाही’ असे सेवेने स्वच्छ शब्दांत सांगितलेले असले, तरी वापरकर्त्याला मात्र जोडणी तुटल्याचे कळते.

दोष कोणाचा, यावर दोन मते आहेत. एका मतानुसार नेटस्केपच्या काळापासून चालत आलेला ब्राउझर आणि प्लगिन यांच्यातील दुवाच तोकडा होता. दुसऱ्या मतानुसार मजकूर मिळवण्याची व्यवस्था फ्लॅश प्लेयरने स्वतः करायला हवी होती. पहिल्या मताला तीन गोष्टी पुष्टी देतात. ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दस्तऐवजातच म्हटले आहे, की काही वातावरणांत प्लेयरला स्थिती-क्रमांक कळू शकत नाही आणि अशा वेळी तो ० कळवला जातो. दुसरे, ब्राउझरविना चालणाऱ्या ॲडोबी एअरमध्ये स्थिती-क्रमांकासोबत प्रतिसादाचे हेडरही (मजकुराआधी येणाऱ्या माहितीच्या ओळी) वाचता येतात. तिसरे आणि सर्वांत बोलके प्रमाण प्रतिस्पर्धी गोटातले आहे : सिल्व्हरलाइट २ ला ब्राउझरच्याच जाळेव्यवस्थेतून जावे लागे आणि तेथेही ५०० चा फॉल्ट ‘नॉट फाउंड’ होऊन बसे, २००९ च्या सिल्व्हरलाइट ३ मध्ये स्वतःची एचटीटीपी व्यवस्था निवडण्याची सोय आली आणि तिच्यातून फॉल्ट वाचता येऊ लागला. तरीही ॲडोबीने प्रोग्रॅमरला कारण तरी नीट सांगायला हवे होते, हा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल. सर्व्हर बंद असणे, पत्ता चुकणे आणि सेवेने फॉल्ट देणे या तीन वेगळ्या घटनांना २०३२ हाच एक क्रमांक मिळत असे.

त्याच क्रमांकामागे लपणारे चौथे कारण इंटरनेट एक्सप्लोररशी निगडित होते. एचटीटीपीएसवरून येणाऱ्या प्रतिसादाला नो-कॅश हेडर असला, की तो ब्राउझर मजकूर प्लगिनच्या हाती देत नसे. तेच ॲप्लिकेशन फायरफॉक्समध्ये सुरळीत चाले आणि चाचणी-सर्व्हरवर एचटीटीपीएस नसल्याने दोष प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावरच उघड होई.

उपाय दोन रूढ होते. पहिला, फॉल्ट असला तरी सर्व्हरने ५०० ऐवजी २०० पाठवायचे. सिल्व्हरलाइटसाठी मायक्रोसॉफ्टने हाच मार्ग सुचवला होता; जावामध्ये सर्व्हलेट फिल्टर (उत्तर बाहेर पडण्यापूर्वी त्यात बदल करणारा कोड) लावून तो साधत. तो सोपा खरा, पण सेवेवर नजर ठेवणारी साधने आणि अन्य ग्राहक २०० पाहून सारे आलबेल समजतात. म्हणून फिल्टर लावायचाच तर तो फ्लेक्सच्या विनंत्यांपुरता मर्यादित ठेवणे इष्ट. दुसरा मार्ग ब्लेझडीएससारख्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत विनंती पाठवण्याचा. मूळ सेवेला हात लागत नाही आणि फॉल्टचा मजकूर शाबूत पोचतो, म्हणून जेथे असा सर्व्हर उभारणे परवडते तेथे तोच पत्करावा.

तारेवरचा मजकूर पाहणे : कोणताही उपाय करण्यापूर्वी प्रत्यक्ष काय आले ते पाहणे अगत्याचे. त्यासाठी फायरबग (२००६), विंडोजवरील फिडलर (२००३) आणि चार्ल्स (२००२) ही साधने सर्वाधिक वापरली गेली. चार्ल्सला एएमएफ उलगडून दाखवता येत असल्याने फ्लेक्सवाल्यांचा ओढा त्याकडे राहिला. प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या यंत्रावरील सर्व्हरचे, म्हणजे लोकलहोस्टचे, दळणवळण इंटरनेट एक्सप्लोरर प्रॉक्सीला (फिडलर आणि चार्ल्स ज्या मध्यस्थाच्या रूपाने मजकूर पाहतात त्याला) वळसा घालून करी. पत्त्यात लोकलहोस्टच्या शेवटी एक टिंब दिले की ते प्रॉक्सीतून जाऊ लागे. फ्लेक्सचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या फ्लॅश बिल्डर ४ या साधनामध्ये (२०१०) नेटवर्क मॉनिटर अंगभूत आला.

प्लेयरच्या आतले पाहण्यासाठी त्याची डीबगर आवृत्ती बसवावी लागे. एमएम डॉट सीएफजी या फाइलमध्ये त्रुटी नोंदवणे व ट्रेस (प्रोग्रॅमने छापलेले संदेश) फाइलीत लिहिणे या दोन ओळी चालू केल्या, की फ्लॅशलॉग फाइलीत नोंदी पडू लागत. फ्लेक्सचे ट्रेसटार्गेट जोडल्यास सेवेशी झालेले संदेशही तेथे उतरत. तारेवर विनंतीच दिसत नसेल, तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा. दुसऱ्या डोमेनवरील सेवेसाठी तेथे क्रॉसडोमेन डॉट एक्सएमएल ही परवानगीची फाइल लागे. ती नसल्यास त्रुटी २०४८ येई. एप्रिल २००८ च्या सुरक्षा-सुधारणेनंतर हेडर पाठवण्याचीही वेगळी परवानगी लागू लागली. सोपॲक्शन हा हेडर त्यात येत असल्याने, कोडमध्ये एक अक्षरही न बदलता अनेक सोप सेवा बंद पडल्या.

उलगडण्यातील दोष : प्रतिसाद अचूक आला तरी फ्लेक्स तो वस्तुरूपात उलगडताना घोटाळे होतात. एचटीटीपीसर्व्हिसचे मूळ सेटिंग ‘ऑब्जेक्ट’ असे. समजा, प्रतिसादात आरक्षणाखाली प्रवासी हे घटक आहेत. दोन किंवा अधिक प्रवासी असले की ॲरेकलेक्शन (यादी) मिळते. एकच असला की सुटी ऑब्जेक्टप्रॉक्सी (एकटी वस्तू) मिळते आणि ती यादीच्या चलात घालताना प्रकार न जुळल्याची त्रुटी १०३४ येते. एकही नसला की नल (रिकामे मूल्य) हाती येते आणि पुढे ते वापरू जाता त्रुटी १००९. चाचणीच्या माहितीत दोन-तीन प्रवासी असतातच, त्यामुळे हा दोष एकट्याने प्रवास करणाऱ्या पहिल्या ग्राहकापर्यंत झोपून राहतो. उपाय ई४एक्स (एक्सएमएल थेट हाताळू देणारे) स्वरूप मागण्याचा. मात्र त्यात नेमस्पेसचा (घटकांची नावे कोणत्या संचातली ते सांगणाऱ्या खुणेचा) सापळा आहे. प्रतिसादाच्या मुळाशी नेमस्पेस जाहीर केलेला असेल आणि कोडमध्ये तो उल्लेखिला नसेल, तर शोध शून्य घटक देतो, आणि त्रुटी काही येत नाही.

एएमएफच्या पाकिटाचे पहिले दोन बाइट आवृत्ती सांगतात : ० किंवा ३. सर्व्हरने पाकिटाआधी एखादी रिकामी ओळ, इशारा किंवा एचटीएमएल त्रुटीपान पाठवले, तर प्लेयर त्या अक्षरांनाच आवृत्ती समजतो आणि ‘बॅड व्हर्जन’ कळवतो. हा संदेश दिसताच आवृत्त्यांची जुळवाजुळव करण्याऐवजी प्रतिसादाचे पहिले अक्षर पाहावे. ते बहुतेकदा एचटीएमएलचा कोनी कंस निघते. एएमएफमधील तारीख यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मिलिसेकंदांत जाते. पुण्यातील सर्व्हरने केवळ दिनांक म्हणून मध्यरात्रीची वेळ पाठवली, तर न्यू जर्सीत हिवाळ्यात ती आदल्या दिवशी दुपारी दीडची ठरते आणि जन्मतारीख एक दिवसाने मागे दिसते. अशी तारीख मजकूर म्हणूनच पाठवणे बरे.

देवनागरी प्रतिसाद : मराठी मजकूर बिघडलेला दिसल्यास तो कोठे बिघडला हे लांबी मोजून कळते. ‘पुणे’ या शब्दाची लांबी ४ भरायला हवी : प, उकार, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. म्हणून लांबी १२ आली, तर बाइट सुटेसुटे वाचले गेले असे समजावे आणि प्रतिसादाचा कॅरसेट (जाहीर केलेला अक्षरसंकेत) तपासावा, तसेच प्लेयरचे यूजकोडपेज हे (युनिकोडऐवजी यंत्राचा स्थानिक संकेत वापरणारे) सेटिंग कोणी चालू केलेले नाही ना, तेही पाहावे. अक्षरांच्या जागी ६३ हा कोड, म्हणजे प्रश्नचिन्हे, आली असतील तर मजकूर डेटाबेस किंवा ड्रायव्हरपाशीच गेलेला असतो. क्लायंटमध्ये तो परत मिळत नाही. लांबी व कोड बरोबर असून केवळ वेलांटी किंवा रफार चुकीच्या जागी पडत असेल, तर प्रतिसाद निर्दोष आहे. दोष रेखाटनाचा आहे. भारतीय लिप्यांसाठी पुरेसे मजकूर-इंजिन फ्लॅश प्लेयर १० मध्ये (ऑक्टोबर २००८) आले.

उत्तरकाळ : ॲडोबीने नोव्हेंबर २०११ मध्ये फ्लेक्स अपाची प्रतिष्ठानाकडे देण्याचे जाहीर केले. फ्लॅश प्लेयरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी, तर सिल्व्हरलाइटचा १२ ऑक्टोबर २०२१ रोजी संपला. फॉल्ट हरवण्याचा प्रकार मात्र आजच्या जावास्क्रिप्ट ॲप्लिकेशनमध्येही वेगळ्या वाटेने आढळतो. दुसऱ्या डोमेनवरील सेवेने यशस्वी उत्तरांना परवानगीचा हेडर लावला पण ५०० च्या उत्तराला लावला नाही, तर ब्राउझर स्थिती-क्रमांक आणि मजकूर दोन्ही कोडपासून लपवतो व केवळ नेटवर्कची त्रुटी कळवतो. एनजिनएक्स सर्व्हरमध्ये ॲड-हेडर ही सूचना मुळात ठरावीक यशाच्या व वळवणीच्या क्रमांकांनाच लागू होते. तिच्या शेवटी ‘ऑलवेज’ हा शब्द जोडल्यावर तोच हेडर त्रुटींच्या उत्तरांनाही लागतो आणि सेवेचा संदेश क्लायंटला वाचता येतो.