आयव्हीएफची जुळी आणि जन्मजात हृदयदोष : पार्श्वभूमी

आयव्हीएफ म्हणजे शरीराबाहेर फलन घडवून भ्रूण गर्भाशयात सोडणं. असं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९७८चं, मुंबईतलं १९८६चं. तेव्हा सगळं लक्ष गर्भ राहतो की नाही याकडेच होतं. दोन-तीन भ्रूण सोडायचे, एखादा तरी रुजेल, असा हिशेब. जुळी झाली तर वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या घरात तक्रार कोण करणार?

जन्मदोषांची चर्चा पेटली ती २००२ मध्ये. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पाहणीत आयव्हीएफ आणि इक्सी (एकच शुक्राणू थेट बीजांडात टोचण्याची पद्धत) यांनी झालेल्या मुलांत जन्मापासून वर्षभरात आढळलेल्या मोठ्या दोषांचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास, तर नैसर्गिक गर्भधारणेत ४.२ टक्के निघालं.

हृदयाच्या बाबतीत मात्र घोडं मोजणीतच अडतं. गर्भात महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांना जोडणारी नळी असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात ती उघडी राहिली, तर तो हृदयदोष म्हणायचा की नुसतं अपुऱ्या दिवसांचं लक्षण? जुळ्यांपैकी निम्म्याच्या आसपास बाळं ३७ आठवड्यांआधीच येतात. त्यामुळे ही नळी धरली की जुळ्यांचा आकडा फुगलाच. युरोपातील जन्मदोष नोंदणीत अपुऱ्या दिवसांच्या बाळांची उघडी नळी धरत नाहीत, आणि ते रास्तच आहे. पण ही चाळणी सगळीकडे लागलेली नाही. शिवाय आयव्हीएफच्या बाळांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) हौसेने केला जातो. आपोआप बुजणारी बारीक छिद्रंही मग कागदावर येतात.

जुळेपणाचा स्वतःचा धोका वेगळाच. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. एकाकडे जास्त रक्त वळलं की त्याच्या हृदयावर ताण येतो, कधी फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद होते.

२०२४ मध्ये चार नॉर्डिक देशांतील सुमारे ७७ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मोठे हृदयदोष आयव्हीएफसारख्या उपचारांनी झालेल्या मुलांत १.८४ टक्के, इतरांत १.१५. उपचारांनी झालेल्या एकुलत्यांत १.६२, तर जुळ्या-तिळ्यांत २.४७. आयव्हीएफ की इक्सी, ताजा भ्रूण की गोठवलेला, याने फरक पडला नाही. साहजिकच संशय पालकांच्या मूळ वंध्यत्वाकडेही वळला.

स्वीडनने २००३ मध्येच सहसा एकच भ्रूण सोडण्याचा नियम केला आणि तिथली आयव्हीएफ जुळी झपाट्याने घटली. तिथे उपचारांचा मोठा भार सरकार उचलतं. आपल्याकडे खर्च बहुधा जोडप्याच्याच खिशातून जातो, आणि ‘एकाच खर्चात दोन’ हा हिशेब दवाखान्याबाहेरच्या बाकावर अजून मांडला जातो.