प्रवासाला कुठला कॅमेरा घ्यावा? आधी अजिंक्यतारा चढून बघा

ऑगस्ट संपत आला की साताऱ्यातल्या आमच्या कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. "कासला जायचंय, कुठला कॅमेरा चांगला?" दिवाळीच्या सुमाराला कासच्या जागी राजस्थान येतं, मे महिन्यात लेह. उभ्या उभ्या याचं खरं उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद छापला आहे. तुमचा नंबर येईपर्यंत वाचून ठेवा.

मेगापिक्सेलचं आधी उरकून टाकू. ए-फोर आकाराचा स्वच्छ प्रिंट काढायला साधारण ९ मेगापिक्सेल पुरतात. आजच्या कुठल्याही कॅमेऱ्यात आणि बऱ्याचशा फोनमध्येही त्याहून जास्त असतात. तुमचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरणार असतील तर त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

"किती एक्सचा झूम?" हा त्याचाच भाऊ. लेन्सवर मिलिमीटरचे दोन आकडे असतात, मोठ्याला लहानाने भागलं की एक्स मिळतो. १८-५५ ची लेन्स ३ एक्स. निकॉनचा पी १००० हा १२५ एक्सचा. त्यात चंद्रावरचे खड्डे दिसतात हे खरं, पण त्याचं वजन जवळजवळ १,४०० ग्रॅम आहे आणि आतला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, करंगळीच्या नखाएवढा, त्यामुळे उजेड कमी झाला की फोटोत दाणे दिसू लागतात. मायणीच्या तलावावर पक्षी टिपायला जाणाऱ्याने तो जरूर बघावा. लग्नानंतर उटीला निघालेल्या जोडप्याला मात्र ते गळ्यातलं लोढणं होतं.

आता ज्याच्यासाठी हा कागद छापला ते. लोक कॅमेरा काउंटरवर पारखतात आणि वापरतात चढावर. दुकानात पंख्याखाली डीएसएलआर (आत आरसा असलेला मोठा कॅमेरा) आणि त्याच्याबरोबर येणारी किट लेन्स मिळून सातशे ग्रॅम हाताला काहीच वाटत नाहीत. मग त्यात लांबची झूम लेन्स येते, चार्जर येतो, बॅग येते, पाण्याची बाटली, छत्री, आणि थोड्या वेळाने कडेवर येणारं पोरगंही. दुसऱ्या दिवशी कॅमेरा हॉटेलच्या कपाटात आणि फोटो फोनवर. एका ग्राहकांनी केदारनाथला जाताना दोन लेन्स घेतल्या होत्या. गौरीकुंडापासूनच्या चढणीचे त्यांचे सगळे फोटो मेहुणीच्या मोबाइलवरचे. परत आले तेव्हा दुसऱ्या लेन्सवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

असे ग्राहक पंधरा दिवसांनी खोकं घेऊन येतात, "बदलून द्या" म्हणतात. खोकं फुटलं की कंपनी माल परत घेत नाही आणि आम्हाला तो जुना म्हणूनच विकावा लागतो. यावर अर्धा तास बोलणं होतं आणि दोन्ही बाजूंची तोंडं वाकडी होतात. आम्ही अडवणूक करतो असं काहींना वाटतं. पण त्याच कॅमेऱ्याची फुटलेली पेटी आम्ही तुम्हाला नवी म्हणून दिली असती तर?

म्हणून आमच्याकडे रविवारचा कॅमेरा भाड्याने मिळतो. जो घ्यायचा मनात आहे तोच न्या. प्रवासाला नेणार ते सगळं सामान सॅकमध्ये भरा, डबासुद्धा, आणि सकाळी अजिंक्यतारा चढा. वर पोहोचेपर्यंत किती वेळा कॅमेरा बाहेर काढावासा वाटला ते मोजा. दोनदाच काढला असेल तर लहान कॅमेरा घ्या, त्यात कमीपणा नाही. पंधरा दिवसांत आमच्याकडून खरेदी केलीत तर भाड्याची रक्कम बिलातून वजा करतो. अनामत आणि ओळखपत्राची प्रत मात्र ओळखीच्या माणसाकडूनही घेतो. रागावू नका, एक कॅमेरा असाच ओळखीवर गेला तो अजून यायचा आहे.

मिररलेसबद्दल बरेच विचारतात. आतला आरसा नसल्यामुळे तो आटोपशीर असतो, प्रवासाला आम्ही तोच सुचवतो. पण त्याची स्क्रीन सतत चालू राहते, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी धरूनच हिशोब करा. लेहच्या थंडीत ती आणखी भराभर उतरते, आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत.

आता कास. तिथली फुलं लहान, सीतेची आसवं तर नखाएवढीही नसतात. तिथं झूम कामाचा नाही, जवळून फोकस होणं कामाचं. किट लेन्स साधारण वीतभर अंतराच्या अलीकडे फोकस करत नाही, मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायची सोय, असलेला फोन अगदी चार बोटांवर जातो. म्हणजे फुलांपुरता तुमचा फोनच पुरे. हे सांगून आमची विक्री बुडते, पण नंतरची भांडणंही वाचतात. हौस असेल त्याने मॅक्रो लेन्स भाड्याने न्यावी. आणि कृपा करून फोटोसाठी ताटव्यात शिरू नका, वाटेवरच बसा.

अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही आणि लेण्यांत अंधार. तिथे एफ १.८ ची लेन्स हवी; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. किट लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६ वर असते, तिच्या जवळजवळ दहापट उजेड ही आत घेते. सगळे ५० मिलिमीटरची मागतात कारण ती स्वस्त. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती लेण्यात फार अरुंद पडते, म्हणजे फोटोत थोडाच भाग मावतो, ३५ ची बघा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तो घरीच ठेवा.

वारीत, म्हणजे लोणंद-फलटणच्या टप्प्यात, एकच लेन्स लावून जा. त्या धुळीत लेन्स बदललीत की सेन्सर साफ करायला आमच्याकडेच यावं लागेल. आमची हरकत नाही, पण.

ऑनलाइन तोच कॅमेरा हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसतो, आम्हाला ठाऊक आहे. तिथून घेतलात तरी बिलावर सिरियल नंबर आणि भारतातली वॉरंटी आहे ना एवढं बघा. आमच्या किमतीत तासभर शिकवणं धरलेलं आहे. त्यासाठी निघण्याच्या आठ दिवस आधी या, आदल्या संध्याकाळी नको. तेव्हा बॅटरी अर्धीच चार्ज असते, तारीख चुकीची असते आणि तुमचं लक्ष इडली-चटणीच्या डब्याकडे असतं.

परत आल्यावर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कोंडू नका, साताऱ्याच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बस. तांदळाच्या डब्यात ठेवलेले कॅमेरे आमच्याकडे येतात, त्यातला पिठूळ भुगा काढायला बुरशीइतकाच वेळ जातो.

रविवारसाठीचे कॅमेरे शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत न्यावेत. येताना प्रवासाची सॅक बरोबर आणा, कॅमेरा तिच्यात बसतो की नाही ते इथेच बघू.