केमो थांबवायची की चालू ठेवायची: कोविडकाळातल्या वादाची पार्श्वभूमी

कॅन्सरच्या रुग्णांत संसर्ग रेंगाळतो, हे २००९च्या स्वाइन फ्लूतच दिसलं होतं. प्रतिकारशक्ती दबलेल्यांच्या शरीरात विषाणू आठवडेच्या आठवडे टिकत होता आणि काहींमध्ये औषधालाही दाद देईनासा झाला होता. तरी २०२०मध्ये केमो पुढे ढकलण्याचा पहिला मोठा सल्ला आला तो वेगळ्याच आकड्यांवर.

त्या फेब्रुवारीत चीनमधून एक छोटा अहवाल आला. कोविडच्या १,५९० रुग्णांत कॅन्सर असलेले किंवा होऊन गेलेले फक्त १८. त्यांतले ३९ टक्के अत्यवस्थ झाले किंवा दगावले. इतरांत हे प्रमाण ८ टक्के होतं. कॅन्सर स्थिर असेल तर शस्त्रक्रियेनंतरची केमो पुढे ढकलण्याचा विचार करावा, असं अहवालानेच सुचवलं. मात्र उपचारांची माहिती असलेल्या १६ जणांपैकी १२ जण फक्त नियमित तपासणीला येणारे होते. महिनाभरात केमो किंवा शस्त्रक्रिया झालेले उरले चार. शिवाय या १८ जणांचं वय जास्त, धूम्रपान केलेल्यांचं प्रमाणही जास्त. धोका औषधाचा, आजाराचा की वयाचा, हे यातून सांगताच येत नव्हतं. चार रुग्णांवरून केमोला दोषी धरणं घाईचंच होतं.

मेअखेरीस ब्रिटनमधल्या ८०० रुग्णांचे निकाल आले. २२६ दगावले होते, म्हणजे धोका खराच होता. पण वय, लिंग आणि सहव्याधी हिशेबात घेतल्यावर, आधीच्या चार आठवड्यांत केमो झालेल्या २८१ जणांत मृत्यू लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत. नोव्हेंबरमध्ये दुसरी बाजू आकड्यांत आली: उपचाराला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका, कॅन्सर आणि उपचारानुसार, साधारण ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो.

दरम्यान ओपीडीत मधला मार्ग निघाला होता. स्तनाच्या कॅन्सरचं १५ दिवसांचं रेडिएशन निवडक रुग्णांत पाच दिवसांवर आलं, एकूण २६ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक). हाडातल्या दुखण्यासाठी ८ ग्रेचा एकच डोस. दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम दिलं जाणारं इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं) एक औषध सहा आठवड्यांनी ४०० मिलिग्रॅम देता येऊ लागलं. पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन पूर्वी या पेशी घटून ताप येण्याची जोखीम जास्त असलेल्या केमोनंतरच देत. आता मध्यम जोखमीतही देऊ लागले.

घोटाळा झाला तो तापाचा. केमोनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या घन मिलिमीटरमागे ५००च्या खाली आणि ताप एकदा ३८.३ अंश सेल्सिअस किंवा तासभर ३८ राहिला, की रक्ताचं कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं. कोविडमध्ये ताप म्हणजे आधी स्वॅब, मग विलगीकरण, मग रिपोर्टची वाट. तेवढ्यात सेप्सिस (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं) वाढू शकतो. दोन्ही शक्यता एकाच वेळी धरून अँटिबायोटिक आधी आणि स्वॅब त्याच फेरीत, हा क्रम योग्य. सीटी स्कॅनही फसवतो: इम्युनोथेरपीने किंवा रेडिएशनने सुजलेलं फुप्फुस आणि कोविडचं फुप्फुस पुष्कळदा सारखंच दिसतं. आणि इथे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचं गणित बिघडतं. कोविडसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. इम्युनोथेरपीच्या सुजेला डोस बराच जास्त आणि तो कमी करत न्यायला कित्येक आठवडे.

खाटा अपुऱ्या पडल्या तर आयसीयूत आधी कोणाला घ्यायचं, हा वाद त्याआधीचा. कॅनडातल्या ऑन्टॅरिओसाठी २००६मध्ये मांडलेल्या फ्लू-साथीच्या आराखड्यात शरीरात पसरलेला कॅन्सर हा थेट वगळण्याचा निकष होता. २०२०मध्ये तशा याद्या पुन्हा चर्चेत आल्या. नेमक्या जनुकबदलावर काम करणाऱ्या गोळ्यांवर पसरलेल्या कॅन्सरचे काही रुग्ण वर्षानुवर्षं चालतेफिरते असतात. त्यांनाही हाच निकष लावायचा का, हा आक्षेप रास्त होता.

रक्ताच्या कॅन्सरचं चित्र मात्र वेगळं निघालं. बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) नष्ट करणारं औषध घेतल्यावर निदान सहा महिने लशीने प्रतिपिंडं नीट तयार होत नाहीत. २०२०मध्येच ल्युकेमियाच्या एका रुग्णात लक्षणं नसताना ७० दिवसांपर्यंत जिवंत विषाणू सापडला. अशांना स्वॅब निगेटिव्ह येईपर्यंत थांबवलं तर केमो महिनोन्‌महिने लांबते, आणि ठरावीक दिवसांनी विलगीकरण संपवलं तर विषाणू वॉर्डात शिरतो.