अपघातांच्या लेखनात चूक कुठे बसते : कोकणपट्टीची पार्श्वभूमी

माणसाच्या चुकीवरचा मजकूर वाचताना तो कोणत्या रीतीने लिहिला आहे हे आधी ओळखावे लागते. कोकणपट्टीवरच्या अपघातांबद्दल जे लिहिले गेले, त्यात या रीती कशा बदलत गेल्या आणि त्यांच्याबरोबर दोष कसा सरकत गेला, याची ही पार्श्वभूमी. भर अर्थातच २००३ नंतरच्या काळावर आहे, कारण या विषयातले खरे झगडे त्याच काळातले आहेत.

कथन, वर्णन, विवेचन आणि युक्तिवाद ही लेखनाच्या रीतींची विभागणी १८६६ सालच्या एका स्कॉटिश प्राध्यापकाच्या पाठ्यपुस्तकाने रूढ केली. विवेचनाचे पुढे पोटभेद झाले : प्रक्रिया, वर्गीकरण, तुलना, कार्यकारण. शाळेतल्या निबंधापुरते एवढे पुरते. अपघाताच्या लेखनाला हीच विभागणी लावली की तिचा खरा उपयोग कळतो, कारण प्रत्येक रीतीत कर्ता वेगळ्या जागी असतो. कथनात तो समोर हालचाल करताना दिसतो, वर्णनात दिसेनासा होतो, वर्गीकरणात त्याचा रकाना होतो.

आगबोटींच्या काळातले लेखन जवळपास सगळे कथनाचे आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये जयंती आणि तुकाराम या दोन बोटी गेल्या. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारीच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रामदासबद्दल आजही जे लिहिले जाते ते वाचलेल्यांच्या आठवणींवर उभे असते : मोठी लाट आली, लोक घाबरून एका बाजूला धावले, बोट कलली. वाचणाऱ्याला चूक धावणाऱ्या उतारूंची वाटते, कारण त्या कथनात हलताना दिसतात ते तेवढेच. भर पावसाळ्यात बोट सोडायची हे कोणी ठरवले, जीव वाचवण्याची साधने किती होती, धोक्याचा निरोप मुंबईला वेळेत का गेला नाही, हे सगळे धक्का सुटण्याआधीचे प्रश्न. गोष्ट धक्का सुटल्यावर सुरू होते, म्हणून ते तिच्यात शिरत नाहीत.

कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाला आणि तिच्याबरोबर वर्गीकरणाची भाषा आली. रेल्वेच्या हिशेबात प्रत्येक अपघाताला एक रकाना लागतो : कर्मचाऱ्यांची चूक, इतरांची चूक, साधनसामग्रीतील बिघाड, घातपात, अनेक कारणांचा मेळ, आकस्मिक, किंवा कारण निश्चित न झालेले. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ सुट्टीची विशेष गाडी रुळांवर आलेल्या दगडमातीला धडकली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. पुढच्याच पावसाळ्यात, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीच्या दगडांना धडकून पुलावरून खाली गेली. दरड पडणे कोणत्या रकान्यात घालायचे? डोंगर निसर्गाचा, पण त्यातली कटिंग माणसाने कापलेली. उतार किती ठेवायचा, माथ्यावरचे पाणी कुठून काढायचे, दगड कुठे जाळीने बांधायचे, हे सगळे कागदावर ठरलेले. ‘आकस्मिक’ म्हटले की हा कागद बाजूला राहतो. मला हा रकाना या दोन अपघातांसाठी कधीच पटलेला नाही.

याच दोन अपघातांनंतर मात्र प्रक्रियेच्या रीतीतले लेखन वाढले, आणि चुकीविषयीचे कोकणातले सर्वांत प्रामाणिक लेखन मला तेच वाटते. बरीच वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे पावसाळी वेळापत्रक, मुसळधार पावसात पुढचे दिसेना झाले की ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, धोक्याच्या कटिंगवर अहोरात्र पहारा. रात्रीच्या गस्तवाल्याच्या हातातला दिवा, गाडीला इशारा म्हणून रुळावर लावायचे फटाके, वॉकीटॉकी आणि कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत चालायचे याची नोंद, हे सगळे आज्ञार्थी वाक्यांत लिहिलेले असते. माणूस चुकणार हे त्या लेखनाने धरून ठेवलेले आहे. त्यात कोणाला दोष दिलेला नाही, तरी चूक कुठे होऊ शकते ते प्रत्येक ओळीत दिसते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी आणि काही खासगी गाड्या वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीस सुरक्षित असल्याचा शेरा होता. पाहणीचा शेरा ही वर्णनाची रीत. पाहणाऱ्याला त्या दिवशी जे दिसले ते त्यात येते, पाण्याखाली पायाशी काय चालले आहे ते येत नाही. १९९० मध्ये एका ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने चुकीचे दोन थर मांडले होते : हातून त्या क्षणी घडणारी उघड चूक, आणि आधीच्या निर्णयांतून व्यवस्थेत दबून बसलेली सुप्त चूक. सावित्रीच्या पुलावर उघड चूक करणारा कोणी नव्हताच. एसटीचे चालक नेहमीच्या रस्त्याने गाडी नेत होते.

२ जुलै २०१९ ची तिवरे धरणाची घटना यापेक्षा गुंतागुंतीची आहे. चिपळूण तालुक्यातले हे मातीचे धरण रात्री फुटले, भेंदवाडीतली घरे वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे मेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. दोन दिवसांनी जबाबदार पदावरून सांगण्यात आले की धरणात खेकड्यांचे प्रमाण वाढले आणि त्यांच्यामुळे गळती झाली. राज्यभर गदारोळ झाला. काही ठिकाणी आंदोलक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि या खेकड्यांवर गुन्हा नोंदवा म्हणाले.

खेकड्यांचे हे विधान कोणत्या रीतीचे, यावर अजून एकमत नाही, आणि वाद खरा तिथेच आहे. वरवर पाहता ते कार्यकारणाचे आहे, आणि त्यातले कारण तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. मातीच्या बांधात प्राण्यांची बिळे झाली, त्यांतून पाणी झिरपायला लागले, पाण्याबरोबर आतली माती वाहू लागली की बांध आतून पोखरतो आणि एका पावसात बसतो. कोकणातल्या कुठल्याही भातशेतीवाल्याला हे माहीत असते. मुठे म्हणजे शेतातले लहान खेकडे मेरेला, म्हणजे बांधाला, बीळ करतात, वरच्या कुणग्यातले (भाताच्या खाचरातले) पाणी खालच्यात उतरते. म्हणून लावणीच्या दिवसांत सकाळी पहिली फेरी मेरेवरूनच असते. पाणी गढूळ येत असेल तर बीळ मोठे, स्वच्छ येत असेल तर लहान. सापडले की चिखलाचा गोळा आत दाबायचा, वरून पायाने थापायचे. खारजमिनीच्या बांधाला खांड (भगदाड) जाऊ नये म्हणून भरतीच्या दिवसांत असेच फिरतात.

विधानाच्या बाजूने बोलणारे नेमके एवढेच सांगतात : खेकडे बिळे करतात, हे खोटे आहे का? खोटे नाही. पण मेरेवर फिरणाऱ्या शेतकऱ्याच्या बोलण्यात खेकड्यामागोमाग लगेच स्वतःचे काम येते. पाणी कुठून येते पाहिले, बीळ बुजवले, किंवा पाहायला उशीर झाला. ही प्रक्रियेची रीत झाली आणि तिच्यात देखरेख करणारा असतो. त्या विधानात खेकडा कर्ता आहे आणि वाक्य तिथेच संपते. मध्ये काही वर्षे गेली, तक्रारी आल्या, कोणी पाहिले की नाही पाहिले, हे सारे गाळले गेले. म्हणून त्याला कार्यकारणाचे म्हणणे मला चुकीचे वाटते. कार्यकारणाची साखळी अर्ध्यावर तोडली की उरतो तो युक्तिवाद, आणि इथे तो जबाबदारी दूर ठेवण्याचा युक्तिवाद होता. काही अभ्यासू लोक उलट म्हणतात : ते घाईतले तोंडी विधान होते, लेखी अहवाल नव्हे, त्याला लेखनाच्या कसोट्या लावू नयेत. हा आक्षेप मी समजू शकतो, पण मान्य करू शकत नाही. ते विधान छापले गेले, पुनःपुन्हा उद्धृत झाले आणि भेंदवाडीबद्दल लोकांना आज जे एक वाक्य आठवते ते हेच आहे. गावकऱ्यांच्या तक्रारीचे एकही वाक्य तसे कोणाच्या तोंडी नाही.

दोनच वर्षांनी, २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात, कोकणातल्या लेखनाने हा धडा घेतलेला दिसतो. कोयनेच्या वीजप्रकल्पाचे कोळकेवाडी धरणातून सोडलेले पाणी की अतिवृष्टी, हा वाद पेटला तेव्हा नागरिकांनी मांडणी तासवार केली : पाऊस किती वाजता वाढला, भरती केव्हा होती, विसर्ग केव्हा किती होता, बाजारपेठेत पाणी केव्हा शिरले. प्रशासनाने अतिवृष्टीवर बोट ठेवले. कथनाची वेळ, प्रक्रियेचे टप्पे आणि कार्यकारण असे तिन्ही एकाच तक्त्यात आल्यामुळे उत्तर देणाऱ्यालाही तासवारच बोलावे लागले. मग चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतल्या गाळाचा मुद्दा पुढे आला. वर्षाच्या अखेरीस गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण झाले, काम सुरू झाले आणि तेव्हापासून या विषयावरचा मजकूर घनमीटर, टप्पे आणि पूररेषा यांच्या भाषेत लिहिला जातो. निळ्या आणि लाल पूररेषेवरून बांधकामांचा जो वाद चालू आहे, त्यातल्या दोन्ही बाजूंचे कागद आता याच रीतीने तयार होतात.