‘दत्तकाची फाईल कायमची बंद’: एक जुना गैरसमज

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पक्कं ऐकू येतं: दत्तक गेलेल्या मुलीला जन्मदात्यांचा पत्ता कायद्याने कधीच मिळत नाही. हे खरं नाही. 2022 च्या दत्तक नियमावलीत मूळ शोधण्याची तरतूद आहे. 18 वर्षं पूर्ण झाल्यावर तिने स्वतः ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, अर्ज करायचा; अल्पवयीन असेल तर दत्तक आई-वडिलांसोबत.

नाव मात्र हमखास मिळत नाही. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर आधी त्यांची संमती विचारली जाते. ती नाकारली किंवा ते सापडलेच नाहीत, तर मूल का सोपवलं त्याची कारणं आणि परिस्थिती सांगितली जाते. तिच्या वतीने दुसऱ्याने केलेला शोध चालत नाही, त्यामुळे ‘मी काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत.

अडतं ते बहुधा चुकीच्या कागदापाशी. दत्तकानंतरच्या जन्मदाखल्यावर दत्तक आई-वडिलांचीच नावं असतात. त्यावर जन्मदाती शोधण्यात अर्थ नाही. कोर्टाचा (सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकाऱ्यांचा) दत्तक आदेश काढा. त्यात दत्तक देणाऱ्या संस्थेचं नाव सापडलं की धागा मिळाला. संस्था कोल्हापूरची असेल, तर माग महाराष्ट्रात लागतो, तुम्ही बेळगावात राहत असलात तरी. जुन्या कागदांवर जिल्हा ‘बेळगाव’ असेल, ‘बेळगावी’ 2014 पासूनचं. कन्नड नोंदीत नावाचं स्पेलिंगही बदलतं. दोन्ही रूपं शोधा.

नात्यातलं दत्तक असेल तर संस्था नसतेच. दत्तकपत्र नोंदवलं असेल तर उपनिबंधक कार्यालय, नसेल तर घरची म्हातारी माणसं.