एनबीकन्व्हर्ट आणि जुपिटेक्स्ट: नोटबुकची स्क्रिप्ट नेमकी कशाने करायची?

जुपिटर नोटबुकची साधी पायथन फाइल हवी असली की ही दोन नावं पुढे येतात. दोन्ही एका कमांडमध्ये काम उरकतात, त्यामुळे बरेच जण हाताला लागेल ते वापरतात. घोळ नंतर होतो.

एनबीकन्व्हर्ट जुपिटर प्रकल्पाचंच. नोटबुक म्हणजे मुळात एक जेसन (मजकुरात माहिती साठवायचा एक साचा) फाइल. कोड, टिपणं, आउटपुट, आलेखांची चित्रं, सगळं तिच्यात कोंबलेलं. एनबीकन्व्हर्ट त्यातला कोड घेतं, टिपणांच्या कॉमेंट करतं आणि आउटपुट टाकून देतं. हाती येते ती झेरॉक्स. तिच्यात कितीही दुरुस्त्या करा, मूळ नोटबुकला त्याचा पत्ता नसतो.

2018 साली आलेल्या जुपिटेक्स्टची खरी गंमत पेअरिंगमध्ये आहे. नोटबुक आणि पायथन फाइल यांची जोडी लावून दिली की नोटबुक सेव्ह करताच स्क्रिप्ट बदलते. स्क्रिप्ट एडिटरमध्ये बदलून नोटबुक पुन्हा उघडली, तर कोड स्क्रिप्टमधून येतो आणि जुनं आउटपुट नोटबुकमधून. पर्सेंट फॉरमॅट निवडला तर प्रत्येक सेल (नोटबुकमधला कोडचा किंवा टिपणाचा एक तुकडा) '# %%' अशा ओळीने सुरू होतो आणि ही खूण व्हीएस कोड, स्पायडर या एडिटरांनाही कळते. फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये तर हे वरदानच: नोटबुकमध्ये एक शब्द बदलला तरी सेलचे क्रमांक आणि चित्रांचा अगम्य मजकूर डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत) सांडतो, स्क्रिप्टमध्ये तेवढी एकच ओळ दिसते. मात्र गिटमध्ये फक्त स्क्रिप्ट ठेवली, तर सहकाऱ्याला आलेख दिसणार नाहीत.

टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या मॅजिक कमांडचं, म्हणजे नोटबुकमध्येच चालणाऱ्या खास सूचनांचं काय? एनबीकन्व्हर्ट त्यांच्या जागी 'गेट आयपायथन' हे फंक्शन बोलावतं. ते साध्या पायथनमध्ये नसतं, म्हणून स्क्रिप्ट नेमएरर (हे नाव माहीत नाही, अशी चूक) देऊन थांबते. नोटबुकमागे असलेल्या आयपायथनने चालवली तर चालते. जुपिटेक्स्ट त्याच ओळी कॉमेंट करून ठेवतं आणि नोटबुक करताना पुन्हा जिवंत करतं. हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पण इन्स्टॉल करायची ओळ अशी कॉमेंट झाली, तर ते पॅकेज आधीच टाकून ठेवायला हवं.

एकदाच कोड काढून कुणाला पाठवायचा असेल तर एनबीकन्व्हर्ट पुरे. नोटबुकवर महिनोन्‌महिने काम चालणार असेल तर जुपिटेक्स्टच.

रोज रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) लावायची स्क्रिप्ट मात्र दोघांपैकी कुणीही तयार देत नाही. सेल वर-खाली उड्या मारत चालवलेले असले, तरी फाइलमध्ये ते वरून खाली याच क्रमाने उतरतात. म्हणून आधी कर्नल (नोटबुकचा कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून सगळे सेल ओळीने चालवून बघावेत. शिवाय सेलच्या शेवटी नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहिलं की नोटबुक ते छापते; स्क्रिप्ट गप्प बसते. तिथे प्रिंट हातानेच घालावं लागतं.