कॅमेऱ्यापाशी शंभर, पुढे एकशे वीस

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024मध्ये कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली आणि तेव्हापासून लाखो वाहनचालकांच्या मोबाइलवर ई-चलन येऊन धडकलं. या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या कुणालाही विचारा, वेगमर्यादाच नको असं सहसा कुणी म्हणत नाही. 'मर्यादा असावी हो, पण शंभर? गाडी नवी, रस्ता सरळसोट. आणि घाटात साठ म्हणजे निव्वळ वसुली!' असा साधारण सूर असतो. ही तक्रार जगभरची आहे आणि तिच्यावर संशोधनही भरपूर झालंय. गंमत म्हणजे त्यात चालक काही ठिकाणी साफ चुकतात, तर काही ठिकाणी त्यांचं म्हणणं बरोबर निघतं.

आधी 'मला जमतं' या भागाकडे बघू. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी 1981मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुम्ही इतरांच्या तुलनेत गाडी कशी चालवता? अमेरिकेतल्या 93 टक्के जणांनी स्वतःला वरच्या निम्म्या गटात बसवलं, स्वीडनमधल्या 69 टक्के जणांनी. वरच्या निम्म्यात 50 टक्क्यांपेक्षा जास्त माणसं मावत नाहीत, हे सांगायला नकोच.

या आत्मविश्वासाला शरीरही हातभार लावतं. कानाच्या आतल्या भागातली तोल सांभाळणारी यंत्रणा वेग वाढला किंवा कमी झाला की कळवते. एकाच वेगाने चाललेल्या गाडीत ती गप्प असते. मग राहतात डोळे, आणि त्यांना सवय फार लवकर होते. तासभर शंभरने आल्यावर शहरात शिरताना साठचा वेग रांगल्यासारखा वाटतो, तो त्यामुळेच.

आता एक हिशेब करू. कोरडा रस्ता, चांगले टायर, आणि समोरचा अडथळा दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद. शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला 28 मीटर जाते, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 42 मीटर संपले. तिथून पूर्ण थांबायला साधारण 55 मीटर. एकूण 97. शेजारच्या लेनमध्ये तशीच गाडी 120ने चालली आहे आणि तिच्या चालकालाही तो अडथळा त्याच क्षणी दिसला. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे पोचताना दुसरीचा वेग किती असेल? फरक वीसचा, तेव्हा वीस उरला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो ताशी 75 किलोमीटरच्या आसपास असतो. दुसऱ्या गाडीचे 50 मीटर नुसते भानावर येण्यात गेले, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ब्रेकना जिरवायची ऊर्जाही 44 टक्क्यांनी जास्त.

या बदल्यात मिळतं काय? द्रुतगती मार्गाचे जवळपास 94 किलोमीटर शंभरने 56 मिनिटांत संपतात, 120ने 47 मिनिटांत. तीही घाट, ट्रकच्या रांगा आणि टोलनाका नाहीतच असं धरून. खालापूरला वडापावसाठी थांबलं की ही नऊ मिनिटं गेलीच.

दुसरी ठरलेली तक्रार, 'माझ्या काट्यावर अठ्ठ्याण्णव होते, कॅमेऱ्याने एकशे आठ दाखवले.' हे घडणं अवघड आहे. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू नये, थोडा जास्त चालेल, अशा मानकांनुसारच तो बनवलेला असतो. रडार तर सरळ डॉपलर परिणामावर चालतं. धावत्या गाडीवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते आणि त्या फरकावरून वेग कळतो. रस्त्याच्या कडेला उभ्या पोलिसाची रडारगन गाडीकडे तिरकी धरलेली असते. त्या कोनामुळे वेग उलट किंचित कमीच मोजला जातो. रस्त्यावरच्या वेगमापक कॅमेऱ्याचा जनक मानला जाणारा मॉरिस गॅटसोनिडेस हा नेदरलँड्सचा रॅली चालक होता, 1953ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपला वेग आणखी कसा वाढवता येईल, हे शोधायला त्याने ते यंत्र बनवलं होतं!

पण एका जागचा कॅमेरा एका जागेपुरताच. ब्रिटनमध्ये संशोधक क्लेअर कॉर्बेट यांनी कॅमेऱ्यांबाबत चालकांचे चार प्रकार पाडले. कॅमेरा असो-नसो मर्यादा पाळणारे, कॅमेऱ्याच्या धाकाने सुधारलेले, कॅमेऱ्यापाशी ब्रेक दाबून पुढे पुन्हा गाडी दामटणारे आणि कशालाच न जुमानणारे. तिसरा प्रकार आपल्याकडे उदंड. समोरून येणाऱ्याने डिपर दिला की वेग उतरतो, गॅन्ट्री, म्हणजे कॅमेरे बसवलेली रस्त्यावरची आडवी कमान, मागे पडली की चढतो. शिवाय अचानक दाबलेल्या ब्रेकमुळे मागच्या गाडीची पंचाईत होते ती वेगळीच.

यावर तोडगा म्हणजे सरासरी वेग मोजणं, आणि द्रुतगती मार्गाच्या यंत्रणेत ती सोय आहे. दोन गॅन्ट्रींवर नंबरप्लेट वाचायची आणि मधल्या वेळेने अंतराला भागायचं. दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापले, तर सरासरी 120. बारावीच्या गणितातलं लाग्रांजचं मध्यमान प्रमेय सांगतं, की मग वाटेत निदान एका क्षणी गाडी नेमकी 120वर होतीच. वकिलालाही इथे फार वाव नाही. ब्रिटनमधल्या अशा रस्त्यांचा आरएसी फाउंडेशन या तिथल्या वाहतूकविषयक संशोधन संस्थेने 2016मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की तिथे जीवघेणे आणि गंभीर अपघात सुमारे 36 टक्क्यांनी घटले.

वसुलीचा संशय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ब्रिटनमध्ये 2000 ते 2007 या काळात दंडाच्या पैशातूनच कॅमेरे चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांचा खर्च भागायचा. लोकांना शंका आली तर नवल काय? शिवाय आकडेवारीची एक खोच आहे. अपघात जिथे नुकतेच वाढले तिथे कॅमेरा बसतो. त्यातली काही वाढ निव्वळ योगायोगाची असते आणि ती आपोआप ओसरते. श्रेय कॅमेऱ्याला मिळतं. तरीही कोक्रेन या झालेल्या अभ्यासांची एकत्रित छाननी करणाऱ्या संस्थेच्या, 35 अभ्यास तपासणाऱ्या 2010च्या आढाव्यात कॅमेऱ्यांच्या आसपास जीवघेणे आणि गंभीर अपघात 11 ते 44 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. योगायोगाचा वाटा वजा केला तरी काहीतरी उरतंच.

मर्यादेबद्दलही चालकांचा एक मुद्दा खरा आहे. डच संशोधक 'विश्वासार्ह मर्यादा' म्हणतात. रस्ता दिसायला जसा आहे त्याला आकडा शोभला, तर लोक तो जास्त पाळतात. बोरघाटात रस्ता रुंद दिसतो, उतार मात्र डोळ्यांना नीट कळत नाही. अवजड वाहनांना तिथे कारपेक्षाही कमी मर्यादा आहे, कारण लांब उतारावर तापत गेलेले ब्रेक पकड सोडू लागतात, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणाऱ्या ट्रकला इंजिनाचा आधारही नसतो. त्या ट्रकच्या मागेपुढे असलेल्या कारला साठ का, हे यातून कळतं. फलकावर नुसता आकडा असतो.

राहिला चौथा प्रकार, कशालाच न जुमानणाऱ्यांचा. नंबरप्लेटवर चिखल फासलेली गाडी कुठल्याच कॅमेऱ्याला वाचता येत नाही. तिच्यासाठी अजूनही टोलनाक्यावर पोलीसच उभा लागतो.